अळणी पाणी

मासे पाळणाऱ्या माणसांत दोन तट असतात. पाणी बदलताना नळी तोंडाने ओढणारे आणि न ओढणारे. न ओढणारे त्यासाठी रबरी पंप विकत आणतात आणि ओढणाऱ्यांकडे नाक मुरडून बघतात. मी पक्की ओढणारी. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, एक झुरका घ्यायचा, पाणी वळणावरून खाली येताना दिसलं की झटकन अंगठा लावायचा आणि टोक बादलीत सोडायचं. पुढचं काम पाणी आपण होऊन करतं. इतक्या वर्षांत माझ्या ओठांना टाकीतल्या पाण्याचा थेंबही लागला नव्हता आणि या गोष्टीचा मला जितका अभिमान होता तितका माझ्या पदवीचाही नव्हता. नवरा म्हणायचा, "अगं, त्यात ते मासे शी करतात." मी म्हणायचे, "म्हणूनच तर अंगठा वेळेवर लावायचा."

आमचं घर खांदा कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये जिथे बाकीच्यांकडे शोकेस असतं, तिथे आमच्याकडे तीन फुटांची काचेची टाकी आहे. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि पाठोपाठ माझी बेलापूरची नोकरीही सुटली, त्या रिकाम्या दिवसांत मी ती आणली. लोक तिला माशांची टाकी म्हणतात. माझ्या लेखी ती बाग होती, मासे तिथे राहायला होते एवढंच. तळाशी माती, तिच्यावर बारीक खडी. मागच्या बाजूला लांब हिरव्या पातींची व्हॅलिस्नेरिया, कोपऱ्यात कॅबोम्बाचे मऊ झुबके आणि मधल्या लाकडाला बांधलेला अॅनुबियास, जो काही केलं तरी मरत नाही आणि काही केलं तरी वाढत नाही. मासे सगळे बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे. शेपट्या मिरवणारे गप्पी, निळ्या-लाल पट्ट्यांचे निऑन टेट्रा, आणि दिवसभर तळ हुंगत फिरणारे कोरी. कोणी कोणाला खात नाही, कोणी कोणाच्या अध्यात नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला नेऊन दाखवावं असं ते कुटुंब होतं.

या टाकीला मी कोणाला हात लावू देत नसे. नवऱ्याने एकदा कौतुकाने बिस्किटाचा चुरा टाकला होता, तेव्हा मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नव्हते. माझा स्वभावच तसा आहे, आणि तो बदलावा असं मला कधी वाटलेलंही नाही.

अशा घरात माझे सासरे राहायला आले.

ते उरणच्या बाजूच्या एका खेड्यातले. जन्म मिठागरावर गेला. खाडीचं पाणी उधाणाला आत घ्यायचं, बांध घालून वाफ्यांत अडवायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ पिकवायचं. त्यांच्या वडिलांनी तेच केलं, आजोबांनी तेच केलं. मग मिठागरावर भराव पडला. डंपर येत राहिले आणि वाफे मातीखाली गेले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सासूबाई गेल्या. बाबा गावच्या घरात एकटेच राहिले. आम्ही कितीदा बोलावलं, ते येत नव्हते. शेवटी एका दुपारी त्या जुन्या बांधावर चक्कर येऊन पडले. भर उन्हात किती वेळ पडून होते कोण जाणे. रस्त्याने जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याने पाहिलं म्हणून वाचले. त्या दिवशी नवरा त्यांना गाडीत घालून सरळ पनवेलला घेऊन आला.

"शिमगा झाला की मी जानार," हे त्यांचं आमच्या घरातलं पहिलं वाक्य. तेव्हा दिवाळीही यायची होती.

सामान म्हणजे कपड्यांची एक पिशवी आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात मीठ होतं. जाड, करड्या रंगाचं, खडे खडे असलेलं. मी म्हटलं, "बाबा, स्वयंपाकघरात ठेवते." ते म्हणाले, "नको. ते खायाचं नाय," आणि डबा स्वतःच्या हाताने खाटेखाली सरकवला. मला लागलं. त्यांच्या मिठाला माझं स्वयंपाकघर चालू नये? रात्री मी नवऱ्याला टोकलं, तेव्हा तो नखं कापत म्हणाला, "शेवटच्या पिकाचं आहे ते. आई होती तेव्हाही त्याला कोणी हात लावायचं नाही. आमच्यात सून घरात आली की सासरा आगराचं मीठ तिच्या ओटीत घालतो, मग ती घरची. तेवढ्यासाठी राखून ठेवलेलं असतं."

"मग माझ्या ओटीत कोणी घातलं?"

"आपलं लग्न कोर्टात झालं. तिथे ओटी कुठे होती? रजिस्टर होतं."

मी हसले आणि विषय संपला. मी पुण्याची, शाकाहारी घरातली. लग्नानंतर कोलंबीपर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. माझं आणि सासऱ्यांचं कधी भांडण नव्हतं आणि कधी बोलणंही नव्हतं. सणासुदीला गावी जायचं, वाकून नमस्कार करायचा, ते "बरं हाय ना?" विचारायचे, मी "हो" म्हणायचे. तेवढ्या भांडवलावर वीस-बावीस वर्षं निघाली होती. आता दिवसभर घरात आम्ही दोघंच. ते बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीकडे बघत बसत आणि मी आत भांड्यांचा नको तितका आवाज करत असे. जेवायला हाक मारली की येत, जेवून परत खुर्चीत. आमच्या घरात येऊन ते बसले होते, राहत नव्हते. गावी परत गेले तर पुन्हा कुठल्या बांधावर पडतील आणि या वेळी टेम्पोवाला येणार नाही, ही नवऱ्याची धास्ती. तो ते बोलून दाखवत नसे, पण रोज ऑफिसातून फोन करून विचारायचा, "बाबा काय करतायत?" आणि मी रोज सांगायचे, "बसलेत."

टाकीशी त्यांची ओळख झाली ती वीज गेल्यामुळे. बाल्कनीत उकडायला लागलं म्हणून ते हॉलमध्ये आले आणि मला बॅटरीवरचा हवेचा पंप लावताना पाहून थांबले.

"एवरंसं मासं," ते म्हणाले. "आमच्याकरं यांना कोन मासं म्हनत नाय."

"वाढत नाहीत हे. एवढेच राहतात."

"खायाचं नाय, वारायचं नाय. मंग पोसतंस कशाला?"

मी म्हटलं, "बघायला." त्यांनी मान हलवली, पण खुर्ची मात्र टाकीसमोर ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर खुर्ची तिथेच आणि बाबाही तिथेच. त्यानंतर ती खुर्ची बाल्कनीत परत गेली नाही.

हळूहळू ते बोलायला लागले. आधी माशांशी, मग त्यांच्याबद्दल माझ्याशी. एक मोठा गप्पी बाकीच्यांना खाऊ देत नसे, त्याचं नाव त्यांनी 'सरपंच' ठेवलं. सरपंच घास पळवायला लागला की बोटाने काचेवर टकटक करायचे, "ए, सरक. गरिबाला खाऊ दे." कोरी तळ उपसत फिरायचे ते त्यांना फार आवडायचं. "ही कामाची मानसं," म्हणायचे. निऑन मात्र त्यांच्या डोक्यात काही बसत नव्हते. एवढा झगझगीत रंग घेऊन मासा जिवंत कसा राहतो, हे ते मला पुन्हा पुन्हा विचारत. एकदा त्यांनी पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मी ओरडणारच होते, पण ते इतक्या सहज झालं, की मला सुचलंच नाही.

"अलनी हाय," ते म्हणाले.

"गोड्या पाण्यातलेच मासे आहेत हे, बाबा."

"असं," ते म्हणाले. त्यांचं "असं" म्हणजे होकार नव्हे, हे नवऱ्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

थंडी सरली. घरात आवाज आले होते. संध्याकाळी चहा घेताना मी स्टुलावर आणि ते खुर्चीत, समोर टाकी. दुकानात नवीन रोप आलं की मी ते आणायचे, ते चिमट्याने मी कसं लावते ते बघायचे आणि "वाकरं लागलं" म्हणून सांगायचे. मला ते दिवस फार आवडले होते. आता सांगायला हरकत नाही, सासरे आपल्याला आवडतात हे मला लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं. पण शिमग्याचं काही ते विसरले नव्हते. होळी आठवड्यावर आली आणि त्यांनी नवऱ्याला सांगून ठेवलं, "शिमगा झाला की मंगलवारी सोर मना गावाला." नवरा म्हणाला, "बाबा, तिथे कोण आहे?" ते म्हणाले, "घर हाय." ज्याच्या हातचं सगळं गेलंय त्याला घर तरी सोड म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार?

याच दिवसांत टाकी बिघडली.

आधी कॅबोम्बा. त्याची पानं गळून झुबक्यांच्या नुसत्या काड्या उरल्या. मग व्हॅलिस्नेरियाच्या पाती टोकापासून तपकिरी आणि आरपार दिसायला लागल्या. निऑन कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहू लागले, त्यांचे निळे पट्टे विझत चालले. पहिला मेला तेव्हा मी म्हटलं, म्हातारा असेल. मग आणखी दोन गेले. मी दिव्याची वेळ कमी केली, मग वाढवली. पनवेलच्या दुकानदाराने सांगितलं खत कमी पडतंय, म्हणून खत घातलं. मग त्यानेच सांगितलं खत जास्त झालंय, म्हणून पाणी बदललं. टाकीचं काढलेलं पाणी मी बाल्कनीतल्या कुंड्यांना घालते, झाडांना ते मानवतं. तर तुळसही मान टाकायला लागली. ती मी उन्हावर ढकलली. नळाच्या पाण्यावर संशय घेतला, गॅलरीत रंगकाम करणाऱ्यांवर घेतला, वरच्या मजल्यावर घेतला.

गप्पी मात्र खुशाल होते. नुसते खुशाल नाही, त्यांना पिल्लं झाली होती. बाबा त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघ, कशी नाचतात," आणि मी चिडून म्हणायचे, "नाचू देत, बाकीचे मरतायत." मग ते निऑनकडे बघत आणि त्यांचा चेहरा काळजीने लहान होई. त्या आठवड्यात ते टाकीपासून हलतच नव्हते.

शिमगा झाला. पाठोपाठच्या रविवारी सकाळी मी पाणी बदलायला बसले. दाराशी बाबांची पिशवी भरून ठेवलेली होती. दोन दिवस आधीच. कपड्यांच्या घड्या त्यांनी स्वतः घातलेल्या आणि वर सासूबाईंची जुनी शाल. नळी तोंडात धरून मी त्या पिशवीकडे बघत बसले. अंगठा कधी लावायचा हे भान राहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड टाकीतल्या पाण्याने भरलं.

आणि ते पाणी खारट होतं.

खारट म्हणजे आमटीत मीठ जरा जास्त व्हावं तितकं. मी ते बादलीत थुंकले आणि ओरडले, "मीठ!" नवरा गालाला साबण लावलेला तसाच बाहेर आला. पुढे काही बोलायची गरज नव्हती. आमच्या घरात मिठाचा माणूस एकच. मी तडक बाबांच्या खोलीत गेले, वाकून खाटेखालचा डबा ओढला. तो हलका लागला. झाकण उघडलं. आत काही नव्हतं, फक्त कडेला ओल धरून चिकटलेली थोडी पांढरी पूड होती.

मी तिथे फरशीवर बसले. येताना माझ्या डोक्यात फक्त मेलेले निऑन होते आणि मला सासऱ्यांना सुनवायचं होतं, सगळं तयार होतं तोंडात. ज्या मिठाला सासूबाईंनी हात लावला नाही, जे मला स्वयंपाकघरात ठेवू दिलं नाही, ते सगळंच्या सगळं, मुठी मुठीने, त्यांनी माझ्या माशांना घातलं होतं. मला तिथेच रडू फुटलं.

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. मागे नवरा, गालावरचा साबण सुकत चाललेला.

"काय झालं गो?" बाबांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही टाकीत मीठ घातलंत?"

"घातलं," ते म्हणाले. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. "अलनी पान्यात कशी ऱ्हातील ती? अंगावर येवरा रंग हाय, दर्यातलीच ती. तू म्हनालीस गोड्या पान्यातली हायत. मना वाटलं, दुकानवाल्यानं फसवलं तुना. तू येवरं करतंस त्यांचं. मी आता जानार. म्हटलं, जायच्या आधी त्यांचं पानी तेवरं नीट करून जावं. रोज मूठ मूठ घालत व्हतो."

मी त्यांना सांगितलं, हे मासे खरोखरच गोड्या पाण्यातले आहेत. दूरच्या जंगलातल्या ओढ्यांतले. त्यांना आणि झाडांना मीठ सोसत नाही. गप्पींना चालतं, म्हणून ते नाचत होते.

ते भिंतीला टेकले. "मंग ती निली... मीच मारली?"

असं त्या म्हाताऱ्या माणसाने विचारलं आणि नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आता मी काय बोलते यावर सगळं अवलंबून आहे, हे त्याला कळत होतं आणि मलाही कळत होतं. गोड बोलायला मला जमत नाही. मी डोळे पुसले, उठले आणि म्हटलं, "ते गेले ते गेले. उरलेत त्यांचं काय? मीठ तुम्ही घातलंय, आता तुम्हीच काढायचं. एकदम पाणी बदललं तर आहेत तेही मरतील. थोडं थोडं करून काढावं लागतं, पुष्कळ दिवस. मी एकटी निस्तरणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"पन मंगलवारी..."

"मंगळवारी काय? हे असं अर्धवट टाकून जाणार?"

बाबांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पाठ फिरवून दाढी पुरी करायला गेला. मला पक्कं माहीत आहे, तो हसत होता.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून टाकीतलं थोडं पाणी काढलं. बादली भरली. मी ती उचलून बाथरूमच्या मोरीपाशी नेली आणि तिरकी करणार, तेवढ्यात हात थांबला. बाबा शेजारी उभे होते, बादलीतल्या पाण्याकडे बघत. त्यांच्या जमिनीचं शेवटचं मीठ त्या बादलीत होतं आणि मी ते गटारात सोडणार होते. तुळशीवर गेलेलं गेलं, त्याला इलाज नव्हता. पण हे समजून उमजून ओतायला माझा हात होईना.

"बाबा," मी म्हटलं, "हे आटवलं तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच भाषेत पहिल्यांदा काहीतरी बोलले. "ऊन हाय," ते म्हणाले. "वाराही हाय. पिकंल की."

पुढचे दिवस आमच्या बाल्कनीत मिठागर होतं. पापड वाळवायचा प्लॅस्टिकचा मोठा कागद अंथरला. कडेने जुन्या पडद्याच्या दांड्या, मुलीची लाकडी पट्टी आणि चार विटा लावून बाबांनी बांध घातले. तीन वाफे केले. पहिल्यात कच्चं पाणी, ते आटलं की पुढच्यात, मग तिसऱ्यात. माती येऊ नये म्हणून आधी बादलीतलं पाणी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. अॅनुबियासचं एक पान त्यात आलं, ते त्यांनी उचलून मला दिलं, "तुझ्या बागेतलं." मी इकडे टाकीत तितकंच ताजं पाणी घालत होते. दर दोन-चार दिवसांनी एक बादली टाकीतून निघायची, एक आत जायची.

मीठ पिकवणाऱ्या माणसाचे शत्रू कोण, हे मला तेव्हा कळलं. पहिला शत्रू कबुतरं. बाबा काठी घेऊन बसायचे. दुसरा शत्रू वरच्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांच्या वाळत घातलेल्या साड्या ठिबकत आणि थेंब नेमके आमच्या तिसऱ्या वाफ्यात. सहा महिन्यांत सोसायटीत कोणाशीही न बोललेले माझे सासरे बाल्कनीतून वाकून, मान वर करून ओरडले, "ओ वहिनी! साऱ्या जरा पिलून घाला! खाली मीठ पिकतंय!" वहिनी वाकून बघायला लागल्या. मग त्यांचे मिस्टर बघायला लागले. दुसऱ्या दिवशी दोघंही खाली आमच्याकडे आले, चहा प्यायले आणि बाल्कनीत उभं राहून बाबांकडून उधाण, बांध, वाफे सगळं ऐकून गेले. बाबांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्या घरच्या साड्या आतल्या बाजूला वाळू लागल्या.

एका सकाळी तिसऱ्या वाफ्याच्या काठावर साय धरावी तसा पांढरा पापुद्रा दिसला. संध्याकाळपर्यंत खडे दिसायला लागले, अगदी बारीक. बाबांनी माझं लाकडी उलथनं मागितलं, लोखंडाला ते हात लावायला तयार नव्हते. उकिडवे बसून, श्वास रोखून त्यांनी मीठ कडेला ओढलं आणि निथळायला लहानसा ढीग करून ठेवलं. ते त्यांच्या डब्याच्या मानाने काहीच नव्हतं. दोन ओंजळी असेल नसेल. रंगाला किंचित हिरवट. पण त्या ढिगाजवळून ते उठेनात. मी आतून बघत होते. त्यांनी एक खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

निथळून कोरडं झालं तेव्हा सकाळची वेळ होती. मी कणीक मळत होते.

"गो, हिकरं ये," बाबांची हाक आली.

मी पिठाच्या हातांनी गेले. ते ढिगाशी उभे होते. "पदर धर," म्हणाले.

"बाबा, पदर कुठला? ओढणी आहे."

"तीच धर."

मी दोन्ही हातांनी ओढणी पसरून धरली. त्यांनी ओंजळ भरली आणि मीठ माझ्या ओढणीत घातलं. मग उरलेलं सगळं गोळा करून दुसरी ओंजळ. "लगनाला ऱ्हायलं व्हतं," ते म्हणाले, "तुझ्या सासूला लय वाटायचं."

नवरा चहाचा कप घेऊन बाल्कनीच्या दारात आला होता, तो तिथेच थांबला. डोळे पुसावेत तर माझे दोन्ही हात गुंतलेले. शेवटी मला आपलं नेहमीचं काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "बाबा, याला माशांचा वास येतोय."

"मिठाला मासलीचा वास नाय येनार, तं काय अत्तराचा येल?" ते म्हणाले.

ते मीठ आता स्वयंपाकघरात आहे, वरच्या फळीवर, सासऱ्यांच्याच पत्र्याच्या डब्यात. आम्ही ते खात नाही. ते खायचं नसतं.

टाकीही सावरली. कॅबोम्बा गेला तो गेलाच. पण व्हॅलिस्नेरियाच्या सडलेल्या पाती मी कापून काढल्या होत्या, त्यांच्या बुडातून कोवळे हिरवे कोंब आले. उरलेल्या निऑनचे निळे पट्टे परत पेटले. अॅनुबियासला काही झालंच नव्हतं, त्याला कळलंही नसेल. सरपंच आता आजोबा झाला आहे आणि अजूनही घास पळवतो. बाबांची पिशवी दारातून खोलीत गेली, पण रिकामी झाली नव्हती. खाटेच्या पायथ्याशी तशीच भरलेली होती, वर शाल. केर काढताना रोज मला दिसायची आणि रोज मी तिच्याभोवतीने झाडू फिरवायचे.

मग एक रविवार आला. मी नळी आणली तर बाबा म्हणाले, "आज मी ओरतो." मी दिली. नळीचं टोक तोंडात धरून त्यांनी झुरका घेतला. पाणी वळणावरून खाली येताना मला स्पष्ट दिसलं, त्यांनाही दिसलं असणार. अंगठा काही त्यांनी लावला नाही. तोंड भरू दिलं, चव घेतली, बादलीत थुंकले आणि विचारात पडल्यासारखे उभे राहिले.

"अजून हाय थोरं," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "येवर्‍यात नाय जमायचं मना जायाला."

मी बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी अळणी होतं. अगदी पहिल्यासारखं अळणी.

"हो बाबा," मी म्हटलं. "बरंच आहे अजून."